फाऊल व्हता, मीच केलाय

फाऊल करून रेफरीच्या शिट्टीआधी स्वतःच हात वर करणारा खेळाडू मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे फाऊल करतात आणि आकाशाकडे बघतात, छातीवर हात ठेवतात, आईची शपथ घेतात. सोपान तिकोने हात वर करायचा. वर्गात हजेरी द्यावी तसा. आणि मग खाली पडलेल्याला उठवायला वाकायचा.

लोणावळा म्हटलं की बाहेरच्यांना चिक्की आणि धुकं आठवतं. ती त्यांची हौस आहे, त्यांना करू द्यावी. आम्हा गावच्यांना रविवारची दुपार आठवते, मैदानावरची लाल धूळ आठवते आणि मैदानाच्या कडेच्या दगडी पायऱ्या, म्हणजे आमचा कट्टा. माझं बाजारात औषधांचं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं. रविवारी दुपारी ते दुकान बंद करून मॅचला जायचे आणि मला बरोबर न्यायचे. वडील गेले, तेव्हा दुकान आणि रविवार दोन्ही माझ्याकडे आले. कट्ट्यावर मी एकटीच बाई. सुरुवातीला लोक माझ्यासमोर शिव्या आवरायचे. पुढे त्यांच्या लक्षात आलं की मला त्यांच्यापेक्षा जास्त येतात.

कट्ट्यावर दोन माणसं अशी होती की त्यांच्याशिवाय मॅच सुरू होत नसे. एक कुलकर्णी सर. शाळेत आम्हाला गणित शिकवायचे. पैकीच्या पैकी गुण देणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. उत्तर बरोबर आलं तरी टापटिपीचा म्हणून एक गुण कापायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी हेच काम फुटबॉलवर सुरू केलं. दुसरे बबनराव. रेल्वेतून निवृत्त. आवाज असा की इकडे बोलले की पलीकडचा गोलकीपर वळून बघायचा. या दोघांचं एकमेकांवाचून चालायचं नाही आणि एका गोष्टीवर कधीही पटायचं नाही. ती गोष्ट म्हणजे सोपान.

सोपान मळवलीचा. घरची थोडी भातखाचरं आणि एका मुंबईकर मालकाच्या बंगल्याची राखण. बागेला पाणी घालणं, पोहायचं तळं स्वच्छ ठेवणं, पाहुणे यायच्या आधी गिझर लावून ठेवणं, असं सगळं तोच बघायचा. दिसायला बुटका, पायांना बाक, पोटऱ्या उखळासारख्या. मोजे खाली घसरू नयेत म्हणून त्यांना भाताच्या पोत्याची सुतळी बांधायचा. नव्या पोरांनी त्याला दुकानातून इलास्टिकच्या पट्ट्या आणून दिल्या होत्या. त्या त्याने बंगल्यातल्या वेलीला बांधल्या.

खेळायचा मध्यभागी, सहा नंबरची जर्सी घालून. त्याने गोल केलेला मला आठवत नाही. तो गोलाच्या दिशेने बॉल मारतोय असं दिसलं की आमचेच खेळाडू बाजूला व्हायचे, कारण बॉल कुठे जाईल हे सांगता येत नसे. मग तो करायचा काय? तर दुसऱ्याला गोल करू द्यायचा नाही, आणि त्यासाठी पळायचा. आमचा कुणी पुढे गेला की त्याची जागा भरायला पळायचा, त्यांचा कुणी मोकळा दिसला की त्याच्या सावलीत जाऊन उभा राहायचा. आणि कधी असं झालं की आमचे सगळे हल्ल्यावर पुढे गेलेत, बॉल गेला शत्रूच्या पायात, आणि त्यांचा गडी समोरच्या मोकळ्या मैदानात सुसाट सुटलाय, तर सोपान त्याची जर्सी धरायचा. बस. हळूच, पाठीमागून, कमरेच्या वर. गडी थांबायचा, शिट्टी वाजायची, सोपानचा हात आधीच वर असायचा. त्यांना फ्री किक मिळायची, सोपानला कधी ताकीद, कधी पिवळं कार्ड. तेवढ्या वेळात आमचे सगळे धापा टाकत परत जागेवर आलेले असायचे.

यावरच वाद. "हे खेळात बसत नाही," सर म्हणायचे. "तो मुलगा त्याच्या पायांच्या जोरावर पुढे गेला होता. त्याचा हक्काचा हल्ला तुम्ही हाताने थांबवलात. ही लबाडी आहे."

"लबाडी कशी?" बबनराव उसळायचे. "लबाड माणूस लपवतो. हा हात वर करून सांगतो. शिक्षा घेतो. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"शिक्षा परवडते म्हणून गुन्हा करायचा, हे मी मुलांना शिकवू का?"

"तुम्ही आता कुणालाच शिकवत नाही सर, निवृत्त झालात."

मग सर बबनरावांशी बोलायचे नाहीत. मॅच संपेपर्यंत अबोला टिकायचा. मंगलमावशींच्या टपरीवर चहा आला की सुटायचा.

या टपरीचा एक रिवाज होता. मॅच संपली की मंगलमावशी पहिला ग्लास भरून फळीवर ठेवायच्या आणि कुणाला द्यायचा ते कट्टा ठरवायचा. त्या दिवशी जो सगळ्यांत चांगला खेळला त्याला तो ग्लास. साधा काचेचा, आल्याचा चहा. पण पोरं त्या ग्लासासाठी जीव टाकायची. ज्याला मिळेल तो घरी सांगायचा, आज पहिला ग्लास माझा होता. तो बहुतेक वेळा रॉनीला मिळायचा. रॉनी आमचा स्ट्रायकर, उंच, देखणा, केसांना काहीतरी चोपडून येणारा. गोल करायचा आणि करायचाच. पण मैदानाच्या मधल्या रेषेच्या मागे येणं त्याला कमीपणाचं वाटायचं. सोपानला तो चिडवायचा, "दादा, तुम्ही फुटबॉल खेळता का कुस्ती?" सोपान म्हणायचा, "तू गोल कर रं. बाकीचं मी बगतो."

सोपानला पहिला ग्लास कधीच मिळाला नाही. बबनरावांनी त्याचं नाव दर वेळी काढायचं आणि सरांनी खोडायचं, हे ठरलेलंच होतं.

इथे लोकांना वाटेल की सोपान बिचारा होता. मुळीच नव्हता. त्याला स्वतःचा जबर अभिमान होता, आणि तो नेमका फाऊलचा. दुसरे जसे गोल मिरवतात तसा तो फाऊल मिरवायचा. सोमवारी दुकानात आला की पहिलं वाक्य, "ताई, काल दोन लय भारी झाले." नवख्याला वाटावं गोलच केले.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, यात एवढं मिरवण्यासारखं काय आहे? तो काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला आणि मला शेती समजावून दिली.

"ताई, भाताच्या खाचराचा बांध असतो न्हवं? पानी भरलं की कुटंतरी त्याला खांड पडती. पानी धो धो पळाया लागतं. मंग मानूस काय करतो? घमेलं आना, चिखल आना, समदे या, असं वरडतो. पन समदे येस्तवर पानी थांबतंय व्हय? न्हाई थांबत. म्हनून आदी आपला पाय घालायचा त्या खांडीत. पाय घालून हुबं ऱ्हायचं. समदे आले, चिखल पडला, की पाय काडायचा. बांध कुनी बांदला त्येचं नाव व्हतं. पाय कुनाचा व्हता ते कुनी इचारत न्हाई."

"मग तुला राग नाही येत?"

"येतो की," तो म्हणाला. "लय येतो. पन पाय घालतो."

मला ते उत्तर आवडलं. जो माणूस म्हणतो की मला कौतुकाचं काही नाही, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. सोपानला कौतुक हवं होतं, आणि ते मिळत नाही म्हणून पाय आखडता घेणं त्याला जमत नव्हतं.

तो सोमवारी दुकानात का यायचा, हेही सांगायला हवं. मुक्या माराचं मलम घ्यायला. मी पहिल्यांदा विचारलं, "कुठे लागलंय?" तर म्हणाला, "मला न्हाई, त्येला." काल ज्याला पाडलं त्याच्यासाठी. ते मलम तो तळेगावला, देहूरोडला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायचा. मॅचच्या आधी तो समोरच्या प्रत्येकाचं नाव विचारून घ्यायचा. पोरांना वाटायचं, काय प्रेमळ माणूस आहे. प्रत्यक्षात पुढे माफी मागताना नाव माहीत असावं म्हणून ही तयारी असायची. धरण्याआधी कधी कधी बजावायचाही, "संदीप, आता मी तुला धरनार हाय हां, घसरू नको." संदीप हसायला लागायचा आणि तेवढ्यात धरला जायचा.

तळेगावच्या एका पोराला तो असाच धरायला गेला, पण पोरगा वळला आणि त्याचा घोटा मुरगळला. त्या दिवशी सोपानचा हात वर गेला तो खाली यायलाच तयार नव्हता. मॅच अर्धी टाकून तो त्याच्याबरोबर दवाखान्यात गेला आणि एक्स-रे येईपर्यंत बाकावर बसून राहिला. हाड मोडलेलं नव्हतं. तरी सोपान पुढचे कित्येक दिवस माझ्याकडे येऊन विचारायचा, ताई, घोट्याची सूज किती दिवसांनी उतरती? त्या पोराने पुढे स्वतःच्या लग्नाला सोपानला बोलावलं. मंडपात तो नातेवाइकांना ओळख करून द्यायचा, "हे सोपानदादा, मला पाडणारे." सोपान तिथे फेटा बांधून बसला होता. जावयासारखा मान घेऊन जेवला आणि सोमवारी येऊन मला सगळा बेत सांगितला.

बबनरावांनी एकदा पैज लावली. म्हणाले, "तुम्ही सगळे बॉल बघता म्हणून तुम्हाला सोपान दिसत नाही. आज पहिला हाफ बॉल बघायचा नाही. फक्त सोपान बघायचा." सर म्हणाले, चालेल, पुरावा तपासायला माझी ना नाही. आम्ही अख्खा कट्टा फक्त सोपानकडे बघत बसलो. तो पुढे गेला की आमच्या माना पुढे, तो मागे आला की माना मागे. मैदानात भलतंच काहीतरी चाललं होतं आणि आम्ही एका बुटक्या माणसाकडे टक लावून होतो. तो सारखा मान वळवून मागे बघायचा, हाताने पोरांना जागा दाखवायचा, बॉल नसलेल्या गड्याच्या आडवा जाऊन नुसता उभा राहायचा, आणि तो गडी वैतागून दुसरीकडे जायचा. बॉल त्याच्याकडे यायचा तो क्षणभर. आला की जवळच्याला देऊन हा पुन्हा पळायला मोकळा. मध्येच मैदानात मोठा गलका झाला. रॉनीने गोल केला होता, म्हणे लांबून, म्हणे वर्षातला सगळ्यात सुंदर. आमच्यापैकी एकानेही पाहिला नाही. सर इतके चिडले की त्यांनी बबनरावांना गोल परत मागितला. पण घरी जाताना ते माझ्या शेजारून चालत होते आणि म्हणाले, "पळतो मात्र खूप. आपल्याला इतके दिवस दिसलं नाही, हे खरं आहे." एवढं बोलून त्यांनी टापटिपीचा गुण कापलाच. "पण जर्सी धरतो."

आणि खुद्द सोपान या वादात कुणाच्या बाजूने होता? सरांच्या. एकदा त्याने गडी धरला, शिट्टी वाजली आणि बबनराव ओरडले, "फाऊल नाही! रेफरी, चष्मा लावा!" हाफ टाइमला सोपान पाणी न पिता सरळ कट्ट्यावर आला.

"बबनभाऊ, फाऊल व्हता. मीच केलाय."

"अरे, मी तुझ्याच बाजूने बोलतोय ना."

"बाजूनी बोला, पन खोटं नगा बोलू. मी एवडा नीट धरला, आन तुमी म्हनता धरलाच न्हाई. मंग माजं काम काय ऱ्हायलं?"

सरांनी त्या वेळी विजयी चेहरा केला खरा, पण तो फार टिकला नाही. आपला विरोधक आपल्याशी पूर्ण सहमत आहे आणि तरीही तेच करणार आहे, याचं काय करायचं हे त्यांच्या गणितात बसेना.

सोपान चाळिशीकडे आला. गुडघे कुरकुरायला लागले. आता मलम त्याच्या स्वतःसाठीही जायचं. आमच्या संघाने इतक्या वर्षांत तालुक्याच्या स्पर्धेची फायनल कधी गाठली नव्हती. सोपानची एकच इच्छा होती आणि ती त्याने कधी लपवली नाही. "ताई, येक फायनल खेळायची हाय. मंग बूट खुटीला." त्या हिवाळ्यात रॉनी फॉर्मात होता, संघ जमला होता, आणि आम्ही सेमीफायनलला पोचलो. सोपानने संघाला आधीच सांगून टाकलं की हे माझं शेवटचं वर्ष. म्हणजे फायनल खेळायची तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही.

सेमीफायनल देहूरोडशी. रॉनीने लवकर गोल केला. नंतर सोपानने एकाला धरलं, हात वर केला आणि पिवळं कार्ड घेतलं. नियम सगळ्यांना माहीत होता: दुसरं पिवळं म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे पुढची मॅच बाहेर. पुढची मॅच म्हणजे फायनल. त्यानंतर तो फार जपून खेळला. हात पाठीमागे बांधून पळताना मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शेवटची काही मिनिटं उरली होती. आम्हाला कॉर्नर मिळाला आणि आमचे सगळे, अगदी बचावातले दांडगे गडीसुद्धा, शहाणपण सोडून पुढे गेले. सोपान मधल्या रेषेवर एकटा, दोन्ही हात हलवून त्यांना मागे बोलवत होता. कुणी बघितलं नाही. कॉर्नर वाया गेला, बॉल देहूरोडच्या चपळ पोराच्या पायात पडला, आणि तो सुटला. पुढे मोकळं मैदान, लांबवर आमचा गोलकीपर, आणि मध्ये सोपान.

कट्टा उभा राहिला. बबनराव सवयीने ओरडले, "धर!" आणि लगेच त्यांनी स्वतःचं तोंड दाबलं. काय बोलून बसलो हे त्यांना कळलं होतं. माझ्या शेजारी सर उभे होते. ते अगदी हळू आवाजात, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "सोड रे सोपान. जाऊ दे. फायनल आहे तुझी."

पोरगा त्याच्या बाजूने निघाला. एक पाऊल सोपान नुसता त्याच्याबरोबर पळाला. मला वाटलं, सोडतोय. मग त्याने हात पुढे केला आणि जर्सी धरली. कमरेच्या वर, नेहमीसारखी. दोघंही धुळीत बसले. शिट्टी वाजायच्या आधी त्याचा हात वर होता.

त्याने पोराला उठवलं, त्याच्या पाठीवरची धूळ झटकली आणि रेफरीसमोर जाऊन उभा राहिला. पिवळं, मग लाल. तो मैदानाबाहेर चालत आला, आमच्या पायरीवर बसला आणि मोज्याच्या सुतळीची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. बबनराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, नव्हताच तो फाऊल, रेफरीने उगाच..."

"व्हता," सोपान म्हणाला. "माजं काम खोटं करू नगा, भाऊ."

आम्ही फायनलला पोचलो. सर त्या दिवशी पहिल्या ग्लासापर्यंत थांबले नाहीत. तो नेहमीप्रमाणे रॉनीला मिळाला.

फायनल तळेगावशी. सोपान त्या दिवशी आमच्यात कट्ट्यावर बसला, सर आणि मी यांच्या मध्ये. प्रेक्षक म्हणून इतका वाईट माणूस मी पाहिला नाही. मैदानातल्या माणसाबरोबर याचे पाय हलायचे. पुढच्या पायरीवरच्या माणसाचा शर्ट धरून ओढायचा, मग सॉरी म्हणायचा. आमचा गोल झाला, रॉनीनेच केला, सगळे नाचले, हा बसूनच होता आणि ओरडत होता, "मागं या रं, मागं या."

शेवट जवळ आला तसा तळेगावने जोर केला. आणि मग जे व्हायचं ते झालं. आमचा एक पास चुकला, त्यांचा एक गडी बॉल घेऊन मोकळा सुटला. अख्खा कट्टा उभा राहून एका सुरात ओरडला, "सोपान! धर त्याला!"

इतक्या वर्षांची सवय. तो आमच्यात बसलाय हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. पलीकडच्या बाजूचे लोक ओरडले, टपरीवरून मंगलमावशी ओरडल्या, आणि सगळ्यात मोठ्याने माझ्या डाव्या कानात जो आवाज फुटला तो कुलकर्णी सरांचा होता. "धर! धर त्याला!" इकडे सोपानने धरलं होतंच. सरांचा स्वेटर. कमरेच्या वर. सर धप्पकन खाली बसले आणि सोपानने हात वर केला.

आणि तेव्हाच समोर मैदानात रॉनी, मधल्या रेषेच्या मागे पाऊल न टाकणारा रॉनी, केस उडवत मागे पळत आला. मधल्या रेषेच्या बराच आत, आमच्या बाजूला, त्याने त्या गड्याला गाठलं आणि मागून त्याची जर्सी धरली. दोघं थांबले. शिट्टी वाजायच्या आत रॉनीचा हात वर गेला होता. मग त्याने वाकून त्या गड्याला विचारलं, बहुतेक नावच विचारलं असावं.

सोपान पायरीवर उभा होता. त्याचा एक हात अजून वर होता आणि दुसऱ्याने त्याने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "ताई, बगितलं का? हात वर केला त्यानं. कुनी सांगितलं न्हाई, त्यानंच केला." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता. मला त्या क्षणी त्याचा, आमच्या गावाचा आणि त्या चोपडलेल्या केसांच्या पोराचासुद्धा इतका अभिमान वाटला की मी त्याला मनगट सोडायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं. मलम घरचंच होतं.

आम्ही जिंकलो. ढोल, गुलाल, सगळं झालं. टपरीवर मंगलमावशींनी पहिला ग्लास भरला. रॉनी पुढे येऊन उभा राहिला, पण ग्लासाला हात लावेना, म्हणाला, "दादा कुठेयत?" सर पुढे झाले. बबनरावांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "आज नाव मी सांगतो. सोपान तिकोने."

पहिली टाळी बबनरावांनी वाजवली.

पण सोपान नव्हता. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून बंगल्यावर त्याच संध्याकाळी पाहुणे यायचे होते, तो शेवटची शिट्टी वाजताच मळवलीला निघून गेला होता. कुणीतरी म्हणालं, उद्या देऊ. सर म्हणाले, "पहिला ग्लास उद्या देत नाहीत." त्यांनी मावशींकडून थर्मास मागून घेतला, त्यात चहा ओतला, तोच ग्लास धुऊन रुमालात गुंडाळला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. वाटभर थर्मास पोटाशी धरून होते. मळवलीचं रेल्वे फाटक बंद मिळालं तेव्हा एवढंच म्हणाले, "चहा गार व्हायला नको."

बंगल्याचं फाटक लोटून आम्ही आत गेलो. सोपान तळ्याच्या काठावर लांब काठीच्या जाळीने पाण्यातली पानं काढत होता. कामाला अडचण नको म्हणून त्याने शर्ट काढून खुर्चीवर टाकला होता. शर्टाच्या आत त्याने सहा नंबरची जर्सी घातली होती. खेळता येणार नव्हतं तरी फायनलला घालून आला होता आणि दिवसभर कुणाला दिसू दिली नव्हती. आम्हाला बघून तो दचकला, शर्टाकडे हात नेला आणि मग राहू दिला.

सरांनी तळ्याकाठच्या टेबलावर ग्लास ठेवला आणि चहा ओतला. एक थेंबही सांडला नाही.

"पहिला ग्लास आहे," सर म्हणाले.

सोपानने ग्लासाकडे बघितलं, सरांकडे बघितलं. "लय उशिरा आनला, सर."

"हो. उशीर झाला."

त्याने काठी खाली ठेवली, जर्सीला हात पुसले आणि ग्लास उचलला. उभ्याउभ्या, शांतपणे, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग म्हणाला, "आता सांगा सर. देहूरोडच्या पोराला धरलं, त्यो फाऊल व्हता का न्हाई?"

"फाऊल होता," सर म्हणाले. "पैकीच्या पैकी."

सोपान हसला नाही. त्याने मान हलवली, हिशेब बरोबर जुळल्यावर हलवतात तशी. "व्हय," म्हणाला, "फाऊलच व्हता."

एवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते. त्याने ग्लास सरांच्या हातात दिला आणि फाटक उघडायला पळत गेला, बाक आलेल्या पायांनी, कुरकुरत्या गुडघ्यांनी, पाठीवर सहा नंबर घेऊन. त्यानंतर तो मैदानात उतरला नाही, आणि त्या जर्सीत मी त्याला पुन्हा पाहिलं नाही. अर्ध्या वाटेत त्याने मागे न बघताच एक हात वर केला. तो निरोपाचा असेल किंवा नेहमीचा. सरांनीही आपला हात वर केला, आणि तो खाली घ्यायचं ते बराच वेळ विसरले.